गोल फोटोतून पुसलेली वस्ती

नारायणगावात माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नं आणि पासपोर्ट फोटो, यांवर चालायचा. दोन हजार सालानंतर कॉम्प्युटर घेतला आणि पुण्याच्या एका फोटोग्राफरकडून गोल फोटो शिकलो. कॅमेरा एकाच जागी फिरवत चहूबाजूंचे, आभाळाचे, पायाखालचे फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकमेकांना जोडायचे. मग माउस फिरवला की आपणच मधोमध उभं राहून सगळीकडे बघतोय असं वाटतं.

जवळच्याच आमच्या गावाची वेबसाइट निघाली, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. बोलावणारे माझे शाळेतले सर. वेबसाइटच्या समितीचे प्रमुख तेच. मला अभिमान वाटला. पाण्याच्या टाकीवर चढून सकाळच्या उन्हात फोटो घेतले. देऊळ, शाळा, द्राक्षबागा, सगळं आलं. ओढ्यापलीकडची आमची बौद्धवस्ती आणि विहारही आला. जोडणीला आठवडा गेला. एका फोटोतल्या विजेच्या तारा शेजारच्या फोटोतल्या तारांशी जुळता जुळत नव्हत्या.

सर स्टुडिओत आले, फोटो फिरवून पाहिला आणि वस्तीपाशी थांबले.

"लई भारी. फक्त हे पत्रे, हा उकिरडा तेवढा काढ. बाहेरचे लोक बघणार."

"सर, ते आमचं घर आहे."

"मला ठाऊक नाय का? तुझ्याबद्दल काही नाय रे. फोटो चांगला दिसला पाहिजे, एवढंच."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. शेजारची द्राक्षबाग उचलून वस्तीवर पसरली, इतकी सफाईनं की सांधा मलाही सापडेना. सरांनी पाठ थोपटली.

मग गावाहून वडील बघायला आले. विहाराच्या पायासाठी त्यांनी दगड वाहिले होते. माउस पहिल्यांदाच हातात धरलेला. फोटोत देवळापासून निघून ते दोनदा देवळापाशीच परत आले.

"आपली वस्ती कुठंय?"

"बागेआड गेली."

"तिथं बाग नाय. तिथं आपण ऱ्हातो."

"सरांनी सांगितलं काढायला."

"हात कुणाचा व्हता?"

त्यांनी चपला घातल्या आणि गावाकडची जीप धरायला ते निघून गेले.

मूळ फोटो शोधले, तर डिस्क भरली म्हणून मीच ते पुसून टाकले होते. पुन्हा फोटो घ्यायला सरांकडे टाकीच्या जिन्याची किल्ली मागितली. "झालाय की चांगला. परत कशाला?" म्हणाले. किल्ली मिळाली नाही.

तो फोटो वेबसाइटवर बरीच वर्षं होता. लोक कौतुक करायचे, मी ऐकून घ्यायचो. वडिलांनी विषय पुन्हा काढला नाही. विहारात कार्यक्रम असला की मात्र ते मंचरहून दुसरा फोटोग्राफर बोलवायचे.