नानांना चालेल

कॉम्प्युटरमधला जुना डेटा आम्ही दर दिवाळीला साफ करतो. किस्से मात्र साठतच जातात! कोणी चहाला आलं की एक सांगायला घ्यावा, तर दुसरा लगेच मागून "आणि मी?" म्हणत उभा. लोकांना वाटतं, सॉफ्टवेअरवाले म्हणजे दिवसभर मान खाली घालून टकटक करणारे, यांच्या आयुष्यात कसली आलीय गंमत! त्यांनी एकदा आमच्या नानांना भेटावं.

आमचं ऑफिस जळगावात, मेहरूण तलावाच्या बाजूला, एका पिठाच्या गिरणीच्या वर. माणसं दोनच, मी आणि जयेश. जयेश असोद्याचा, घरी केळीची बाग, रोज मोटरसायकलवर येणार. प्रोग्रामिंगला एकदम हुशार, स्वभावाने गरीब, आणि लग्नाचा राहिलेला. त्याच्या आईने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "ताई, याले काम नका शिकवू, याले पोरगी पाहा!"

नाना म्हणजे आमचं गिऱ्हाईक. समाजाचं वधू-वर सूचक मंडळ चालवतात. मुख्य कचेरी जळगावात, शाखा धुळ्याला. मूळचे पारोळ्याकडचे, रिटायर्ड हेडमास्तर. बोलायला शुद्ध मराठीत सुरुवात करतात आणि तापले की अहिराणीत उतरतात. सगळ्या सोयरिकी त्यांनी आजवर डोक्यातच जुळवल्या. आता डोकं थकलं, म्हणून ते आमच्याकडे आले.

आणि जयेशच्या आईने मुलाचा फॉर्म कुठे भरलेला? नानांच्याच मंडळात! म्हणजे ज्या यादीचं काम जयेश करत होता, त्याच यादीत तो स्वतः एक उमेदवार होता.

* * *

सुरुवातीला जयेशने साधी क्वेरी लिहिली. क्वेरी म्हणजे काय, तर यादीला विचारलेला प्रश्न. अमुक वयाचे, तमुक उंचीचे, इतके शिकलेले तेवढे दाखव. एका मुलीसाठी बारा मुलं निघाली. आम्ही खूश! नानांनी चष्मा लावला.

"हा नाही चालणार."

"का, नाना?"

"याचा मामा आणि तिचा काका एकाच बांधावरून भांडतात."

"बरं, हा?"

"या गावातून एकदा आपलं वऱ्हाड उपाशी परत आलंय."

बाराच्या बारा कटले! प्रत्येकाला वेगळं कारण. दोन दिवस जयेशने ती कारणं वहीत लिहून घेतली आणि मला म्हणाला, "ताई, वय-उंची लावून काही उपयोग नाही. नानांचीच अट बनवावी लागेल."

मग त्याने स्वतःचं एक फंक्शन लिहिलं. त्याच्या हातात एक मुलगी आणि एक मुलगा द्यायचा. ते आतल्या आत नानांचे सगळे नियम लावून बघणार आणि एकच उत्तर देणार, हो किंवा नाही. क्वेरीत अटीच्या जागी तेच फंक्शन बसवलं. ज्याला 'हो' येईल तो यादीत, बाकीचे घरी. फंक्शनचं नाव ठेवलं 'नानांना_चालेल'.

नानांना नाव सांगितलं तर म्हणाले, "उगीच कशाला माझं नाव!" आणि त्याच दिवशी तीन जणांना फोन करून कळवलं.

* * *

पहूरच्या एका आईने फॉर्मवर लिहिलं होतं, 'मुलगा जवळचा हवा'. जयेशने सरळ किलोमीटर मोजले. पहिलंच नाव आलं एका आडगावचं. नाना खुर्चीतून उठलेच!

"अरे, या गावाला जायला तीन एष्ट्या बदलाव्या लागतात! पोरगी धनत्रयोदशीला निघाली तर भाऊबीजेला माहेरी पोचेल!"

"मग जवळचं कोणतं?"

"धुळं!"

"नाना, धुळं केवढं लांब आहे!"

"लांब कसाले? जळगावले एक डाव उतरनं, दुसरी मा बठनं, झालं!"

जयेशने मुकाट्याने किलोमीटर काढून टाकले आणि गाडी किती वेळा बदलावी लागते ते मोजणारा नियम घातला. तेव्हापासून आमच्या कॉम्प्युटरला पहूरहून धुळं जवळ आणि ते आडगाव लांब वाटतं. एका शहाण्या पाहुण्याने मोबाइलवर नकाशा उघडून मला चूक दाखवली. मी म्हटलं, "भाऊ, माहेरपणाला पोरी नकाशावरून येतात का?" त्याने मोबाइल खिशात घातला.

* * *

नियम वाढले तशी यादी निघायला वेळ लागायला लागला. साहजिकच आहे. साधी अट कॉम्प्युटर झटकन उरकतो, पण आपलं फंक्शन असलं की त्याला एकेका मुलाला समोर घेऊन सगळे नियम पहिल्यापासून तपासावे लागतात. जयेशला याची भारी लाज वाटायची. नाना आले की तो आधीच माफी मागायचा, "नाना, जरा वेळ लागेल हं."

नानांना त्याचं काहीच नव्हतं.

"घर घर जाईसन इचारस ना ते? मंग टाईम लागीच. चहा मांगाड!"

* * *

आता मेसेजचा किस्सा. हा जयेशसमोर काढला की तो अजून पाणी प्यायला उठून जातो.

फंक्शन तपासताना त्याने आत एक ओळ घातली होती. ज्या मुलाची पाळी येईल त्याचं नाव स्क्रीनवर यावं, खाली 'ओके'चं बटण, आणि ते दाबल्याशिवाय मशीन पुढे हलायचं नाही. तपासून झालं की ओळ काढायची असते. हा पठ्ठ्या काढायला विसरला आणि फाइल नानांच्या कचेरीत लावून आला!

सकाळी नानांनी यादी मागितली. मेसेज आला, 'सागर, यावल. चालेल?' नानांनी ओके दाबलं. लगेच दुसरा. मग तिसरा. मंडळातले सगळेच्या सगळे मुलगे एकामागून एक हजर! दुपारी आम्हाला आठवण झाली तसे आम्ही धावत पोचलो. बघतो तर काय, नाना टेबलाशी ताठ बसलेले, समोर जेवणाचा डबा न उघडलेला, आणि प्रत्येक नाव नीट वाचून, मान हलवून, बटण दाबतायत.

"नाना, चुकलं आमचं! आत्ता काढतो!"

"खबरदार काढशी ते! हाई मशीन माले इचारीसन काम करस. समदासले आशी अक्कल पाहिजे!"

जयेश हळूच म्हणाला, "पण नाना, त्याच्यात ओकेचं एकच बटण आहे. नाही म्हणायची सोयच नाही."

नाना म्हणाले, "पोरांना नाही म्हणणारे गावात कमी आहेत का?"

* * *

धुळ्याच्या शाखेत वर्षा असते. फॉर्म भरून घेणं, फोटो लावणं, पालकांची समजूत काढणं, सगळी कामं एकटी करते. तिशी उलटलेली, बोलायला चटपटीत. मंडळात काम करून तिने स्वतःचा फॉर्म मात्र कधी भरला नव्हता. नानांनी विषय काढला की म्हणायची, "नाना, हलवाई आपल्या दुकानातली मिठाई खातो का?"

धुळ्याला आम्ही क्वेरी पाठवली आणि तासाभरात जयेशला तिचा फोन. नाना समोरच होते, फोन स्पीकरवर.

"सर, यादी निघतच नाही. नानांना ओळखत नाही म्हणतंय."

झालं! नाना लाल!

"धुळामा माले वळखतस नही? मन्या तीन पुतण्या देयेल शेतस त्या गावले!"

प्रकार एवढाच होता, की जयेशने क्वेरी पाठवली पण फंक्शन पाठवायचं राहिलं. क्वेरीत नाव होतं 'नानांना_चालेल', आणि धुळ्याच्या फाइलमध्ये त्या नावाचं कोणी नव्हतंच. नानांना हे समजावता समजावता माझा घसा बसला.

जयेशने मग वर्षाला फोनवरच शिकवलं, फंक्शन कुठे ठेवायचं, कसं उघडायचं, आतली ओळ कशी वाचायची. ती शिकली. दुसऱ्या दिवशी तिला दुसरी शंका आली. तिसऱ्या दिवशी तिसरी. रोज दुपारी चारला फोन! पोरगी महिन्याभरात स्वतःची फंक्शनं लिहायला लागली, तरी शंका काही संपेनात. जयेश पावणेचारला केस विंचरून फोनची वाट बघायचा. फोनवर दिसतं का कोणाला?

* * *

हा पुढचा सांगताना मला अजून वाईट वाटतं, पण सांगते.

नानांचा एक नियम होता, यादीत मुलगा पस्तिशीच्या आतला पाहिजे. जयेशनेच तो लिहिला होता. फंक्शन रोज त्या दिवशीच्या तारखेवरून वय काढायचं.

जयेशचा वाढदिवस होता, मी केक मागवलेला. सकाळी त्याने नेहमीसारखी चाचणीची यादी काढली आणि त्याच्या कपाळाला आठ्या.

"ताई, कालच्यापेक्षा एक नाव कमी येतंय. काहीतरी बिघडलंय."

जेवणापर्यंत तो ते नाव शोधत होता. ओळ न् ओळ तपासली. मग एकदम थांबला. मी मागून बघितलं, तर कालच्या यादीतल्या एका नावावर त्याचं बोट होतं. 'जयेश, असोदा.'

त्या दिवशी त्याला पस्तीस पूर्ण झाली होती.

"फंक्शन बरोबर चालतंय, ताई," तो म्हणाला आणि केक कापायला उठला. तशीही त्याला स्थळं येत नव्हती. मुलीकडच्यांना पुण्यातली नोकरी पाहिजे, आणि हा जळगावात गिरणीच्या वर. पण निदान यादीत नाव होतं. आता त्याच्याच हाताने तेही गेलं.

मी नानांना फोन लावला. नाना तडक आले. "छत्तीस कर रे. माझा नियम आहे, मी बदलतो."

"नाही नाना. उद्या दुसरा येईल, त्याच्यासाठी सदतीस करणार का? एका माणसासाठी फंक्शन बदलत नसतात."

पस्तीस वर्षांचा माणूस, तोंडाला क्रीम लागलेलं, आणि तत्त्वाला घट्ट! नाना उठले. केक न खाताच गेले.

चारला वर्षाचा फोन आला. जयेश बाहेर गेला होता, म्हणून मीच उचलला आणि सगळं सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही. मग तिने विचारलं, "ताई, रेकॉर्ड डिलीट तर नाही ना झालं? फक्त यादीत येत नाही, एवढंच ना?"

"एवढंच," मी म्हटलं.

* * *

पुढच्या आठवड्यात धुळ्याला मंडळाचा परिचय मेळावा होता. वर्षाने नवीन फॉर्म भरून तिथली फाइल पाठवली. छापायच्या आधी यादी बघायला नाना येऊन बसले. जयेशने फाइल उघडली, यादी काढायला सांगितली, आणि मी चहा गाळायला वळले.

"ताई!"

त्याचा आवाज ऐकून गाळणी हातातच राहिली. स्क्रीनवर मेसेज आला होता.

'मुलगी वर्षा, धुळे. मुलगा जयेश, असोदा. एष्टी एकदाच बदलावी लागते. चालेल?'

खाली ओकेचं बटण.

नानांनी चष्मा पुसून परत लावला. "हिचा फॉर्म कधी आला?"

जयेशने फोन लावला. घाईत चुकून स्पीकर दाबला गेला. मी काही बंद करायला सांगितलं नाही.

"वर्षा मॅडम, तुम्ही फाइलमध्ये काय केलंय?"

"नवीन फंक्शन लिहिलंय सर, माझ्या फॉर्मपुरतं. 'वर्षाला_चालेल'. तीनच ओळींचं आहे. मुलाचं नाव जयेश आणि गाव असोदा असलं तर हो. बाकी सगळ्यांना नाही."

"वयाची अट?"

"घातलीच नाही."

"अहो, एका माणसासाठी फंक्शन बदलत नसतात!"

"मी कुठे बदललं? तुमच्या फंक्शनमधलं एक अक्षर हलवलेलं नाही सर. मी माझं वेगळं लिहिलं."

जयेशने रुमाल काढला. कान लाल, कपाळावर घाम. खाली गिरणी चालू होती, तीही मेली नेमकी तेव्हाच बंद पडली. शेवटी कसाबसा म्हणाला, "याच्यात... याच्यात नाही म्हणायचं बटण नाहीये."

"तुम्हीच शिकवलंत तसं."

तो स्क्रीनकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघतेय, तिकडे धुळ्यात फोन कानाला लावून ती थांबलीय. चहा गार. कोणी हलेना. तेवढ्यात नानांनी टेबलावर हात आपटला.

"दाब ना रे भो! त्या दिन मी जेवण सोडीसन दाबत बठेल व्हतू!"