गळ्यातला ‘के’

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, अंबाबाईसमोर हात जोडतानाही नाही — तिथंसुद्धा मी दुसरंच काहीतरी मागून परत यायचे. तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका.

शिवाजी पेठेतल्या एका शाळेत मी बाई होते. पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हाची गोष्ट. मलाच धड येत नव्हतं, पोरांना काय डोंबल शिकवणार? ‘नाइफ’मध्ये ‘के’ कशाला, असं पोरं विचारायची. मग मी एक खेळ काढला. एकेका अक्षराचा पुठ्ठा एकेकाच्या गळ्यात अडकवायचा आणि सगळ्यांना ओळीत उभं करायचं. ज्या अक्षराचा उच्चार नाही, त्यानं ओठांवर बोट ठेवायचं. बोललं की आउट. तपासणीला आलेल्या साहेबांनी कौतुक केलं. मी फुगले.

रेश्मा पहिलीतच होती. तिची आई शाळेच्या व्हरांड्यात पोरांची खिचडी शिजवायची. पोरगी लई बोलकी, आवाज खणखणीत. त्याच साहेबांसमोर मी एका शब्दाचा उच्चार सांगितला, तर ती म्हणाली, “बाई, काल तुम्ही येगळंच सांगितलं हुतं की!” सगळे हसले. मीही हसले — वरवर. दुसऱ्या दिवसापासून ‘के’ तिच्याच गळ्यात. रोज. खेळ संपला तरी. दाराशी उभी करायचे आणि म्हणायचे, तोंडातून शब्द निघाला तर बघ. शिकवणं होतं का ते? खुन्नस होती — एवढ्याशा पोरीवर!

हळूहळू ती मधल्या सुट्टीतही बोलेनाशी झाली. मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

त्या दिवशी बाहेर पातेलं रटरटत होतं. तिची आई पाणी आणायला नळाकडं गेलेली. मी फळ्यावर लिहीत होते. कुणीतरी माझा पदर ओढला. वळून बघते तर रेश्मा — एक बोट तसंच ओठांवर, दुसरा हात बाहेर दाखवत. तिचा रांगता भाऊ व्हरांड्यात असतो, हे मला माहीत नव्हतं का? होतं. तरी मी तिचा हात झटकला आणि ओरडले, “जाग्यावर!”

ती गेली. दाराशी जाऊन उभी राहिली.

मग ती किंकाळी.

पोरगं वाचलं. हात मात्र कोपरापर्यंत भाजला, बोटं आखडली ती कायमचीच. संध्याकाळी दवाखान्याच्या ओट्यावर तिची आई तिच्यावर धावली, “दारातच हुतीस की गं भवाने! वरडायला काय झालतं?” रेश्मानं माझ्याकडं बघितलं. हेडमास्तरांनीही बघितलं. आणि मी — काय म्हणाले मी? “माझं तोंड फळ्याकडं होतं. मला काय कळणार? हिनं सांगायला नको?” आईनं तिला तिथंच बडवलं. मी मध्ये पडले नाही.

पुढच्या सोमवारी ती शाळेत आली. कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं खिळ्यावरचा पुठ्ठा काढला, आपल्या हातानं गळ्यात घातला, दाराशी गेली आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी हजेरी घ्यायला लागले. तिचं नाव आलं. ती बोलली नाही. मी ‘हजर’ मांडलं आणि पुढचं नाव घेतलं.