लाडकीची तीन फडकी

जामसरच्या लाडकीला जरा टेक म्हटलं की ती उठायची. चुलीशी बसली तरी मान इकडेतिकडे, नाक वर. पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमाराला माझे वडील जव्हार संस्थानच्या दवाखान्यात नोकरीला होते. तेव्हा ती आमच्याकडे मध विकायला यायची आणि सगळ्या खोल्या हुंगून जायची. आईला राग यायचा. मला मजा वाटायची.

पण बाई उगाच तशी नव्हती. भाताचं बियाणं पेंढ्याच्या मुड्यात बांधून ठेवतात. एका वर्षी तो मुडा आतून बुरसला. घरात इतकी माणसं वावरत होती, पण एकालाही वास आला नाही. पेरलेलं उगवलंच नाही. ते वर्ष कडू कंद उकडून काढलं आणि त्यातच तिची धाकटी मुलगी गेली. घरात एक तरी नाक जागं हवं, हे तिच्या डोक्यात बसलं ते तेव्हापासून. नवरा पुढे वारला. मुलगा नवसू असा, की पायाशी घूस मरून पडली तरी त्याला पत्ता नसायचा. तिचं स्वतःचं वय होत चाललेलं. तेव्हा सून हवी ती नाकाची. रंगरूप गेलं चुलीत.

मोजमापही तिनेच काढलं. मूठभर बुरसलेलं भात तीन फडक्यांत बांधून कमरेला खोचायचं आणि मुलीच्या घरी गप्पा मारत बसायचं. तिन्ही फडकी असताना जी ‘कुबट कसलं येतंय’ म्हणेल ती अव्वल. एक सोडल्यावर म्हणाली तर चालेल. तिन्ही सोडूनही गप्प राहिली तर बाद. वैशाखभर ती अशी पाडे हिंडली. मोखाड्याच्या बाजारात बाया तिला पाहून नाकाला पदर लावायच्या आणि हसायच्या.

नवसूचं मन साखरशेतच्या गौरावर होतं. लाडकी तिथेही गेली. पहिलं फडकं सोडलं. गौराने पाणी दिलं. दुसरं सोडलं, तिने घोंगडी उचलून दाराशी अंथरली, म्हणाली इथं वारा आहे, इथं बस. तिसरं सोडलं, तिने आंबील आणून दिली. झालं. घरी येऊन लाडकीने निकाल सांगितला, मुलगी बाद.

नवसू जेवला नाही. सकाळी उठून थेट साखरशेतला गेला आणि गौराला विचारलं, तुला काहीच कसं आलं नाही?

“आलं ना. तुझी आये उंबऱ्यात होती तेव्हाच आलं,” गौरा म्हणाली. “पण पाहुणीला तोंडावर सांगू काय, तुझ्या अंगाला वास मारतो म्हणून?”

नाक मोजायला गेलेली बाई जीभ मोजून आली होती. हे पुढे गौरानेच मला सांगितलं, हसून हसून.

लाडकीला कळलं तशी ती पुन्हा साखरशेतला धावली. आता गौराची आई रामी अडून बसली. माझी लेक काय बाजारातली शेळी आहे, दात बघा, शेपूट बघा, असं तिने ऐकवलं. शेवटी गौरानेच तोडगा काढला. आम्ही तुमचं घर बघायला येतो, पण मला जे येईल ते मी सांगणार, कुणी रागवायचं नाही.

मायलेकी जामसरला आल्या. गौरा आत शिरली आणि कोपऱ्याशी थांबली.

“आत्ये, मुडा कुजतोय.”

लाडकी म्हणाली, काहीतरीच, मी रोज हुंगते.

“ते कमरेला बांधून?”

नवसूने मुडा ओढून अंगणात आणला, पेंढा फोडला. वळवाच्या सरीने छपर कधी गळलं होतं कोण जाणे. तळचं भात हिरवंकाळं होऊन गोळा झालं होतं. महिनाभर बुरशी कमरेला घेऊन हिंडणाऱ्या बाईला घरातली बुरशी कळेल कशी? वरचं भात शाबूत होतं. लाडकी भराभरा ते उन्हात पसरू लागली, पण घाईघाईत निम्मं मातीत सांडत होतं. रामीने तिला बाजूला केलं, सूप ओढलं आणि स्वतः पाखडायला बसली. पाखडता पाखडता म्हणाली, कमी पडेल ते बियाणं माझ्या घरचं, लेकीबरोबर पाठवते, उसनं नाही.

लग्नाच्या दिवशी ते आलं. लाडकीने टोपलीतून मूठ भरली आणि आधी गौराच्या नाकाशी धरली.