एकतीस मुलांची एकच मावशी

स्वमत म्हणजे मुलांचं स्वतःचं मत. ते मी वीस वर्षं फळ्यावर लिहून देत आले. आज हे सांगताना लाज वाटते, पण तेव्हा यात काही वावगं आहे असं मनातही येत नव्हतं. दहावीच्या मराठीच्या पेपरात धड्यावर चार मार्कांचा एक प्रश्न असतो, तुमचे मत लिहा म्हणून. पंधरा वर्षांच्या पोरांना मत विचारलं की ती पेन चावत बसतात, मार्क जातात आणि निकालानंतर मुख्याध्यापक मला केबिनमध्ये बोलावतात. त्यापेक्षा मत आपणच द्यावं, पोरांनी पाठ करावं, म्हणजे सगळे सुखी.

माझा स्वभाव मुळातच घाबरट. कुलूप लावून बसस्टॉपपर्यंत गेले तरी परत येऊन कडी ओढून बघणारी बाई मी. वर्गात आवाज चढवते तो त्यामुळंच.

आमच्या पाठ्यपुस्तकात एका जुन्या, थोर म्हणवल्या जाणाऱ्या कादंबरीतला उतारा होता. भरल्या घरात आलेली तरुण सून सगळ्यांचं करते, सगळ्यांचं ऐकून घेते आणि शेवटी सगळ्यांना माफ करते. मला तो धडा फार आवडायचा. लहानपणी जालन्याला उन्हाळ्याच्या दुपारी माझी मावशी ती कादंबरी मोठ्यानं वाचायची आणि आम्ही दोघी मिळून रडायचो. माझ्या मुलांना मात्र तो धडा अजिबात आवडत नसे. मी पहिलं वाक्य वाचलं की माना खाली जायच्या. "लई बोर हाय" असं मागच्या बाकावरून यायचं, मला ऐकू जाईल इतक्याच बेतानं. मला राग यायचा, आणि त्याहून जास्त काळजी वाटायची. ज्या पुस्तकावर आपण वाढलो ते या पोरांना नको असेल, तर आपण तरी यांना कशाला हव्या आहोत?

त्या वर्षी सराव परीक्षेत एका मुलीनं या प्रश्नाला पान भरून उत्तर लिहिलं. पहिलंच वाक्य होतं, "मला हा धडा आवडला नाही." मी पुढचं वाचलं नाही. पानावर तिरपी लाल रेघ ओढली आणि शून्य दिलं.

मुलगी हुशार होती. तिचे अब्बू फर्निचरला पॉलिश करायचे. तिला मशीनचं वेड होतं, सरकारी पॉलिटेक्निकला जायचं होतं. पालकसभेत अब्बूंनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "सरकारीत नंबर लागला तो ठीक मॅडम. नाय लागला तर फर्दापूरला फुफीच्या दुकानात बसंल. खाजगी कॉलेज अपने बस का नाय." फुफी म्हणजे तिची आत्या. लेणी बघायला येणाऱ्या लोकांना टोप्या आणि मण्यांच्या माळा विकायची.

म्हणून मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"बोर्डात असलं काही लिहायचं नाही," मी म्हणाले. "पेपर कुणाच्या हातात पडेल आपल्याला माहीत नसतं. एकेका मार्कावर तुझा नंबर अडकलाय."

"पण मॅडम, तुमचे मत लिहा असं छापलंय."

"छापलेलं असतं. लिहायचं ते मी दिलेलं."

तिनं वर बघितलं. "तुम्हाला खरंच आवडतो का हा धडा?"

"हो," मी ताडकन म्हणाले.

"मग तुमचंच लिहिते," ती म्हणाली. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता.

त्या वर्षी मी उत्तर आणखी सजवलं होतं. उत्तरात स्वतःचा अनुभव घातला की तपासणारा खूश होतो, असं कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलं होतं. म्हणून मी फळ्यावर लिहिलं, "जालन्याची माझी मावशी ही गोष्ट वाचून दाखवायची तेव्हा माझे डोळे भरून येत." पोरांनी वहीत उतरवलं, पाठ केलं. बोर्डाच्या पेपरात नेमका तोच प्रश्न आला. मुलं नाचत आली, मॅडम, आपलं स्वमत आलं म्हणून. त्या मुलीनंही सांगितलं, "जसंच्या तसं लिवलं मॅडम." त्या दिवशी मी घरी शिरा केला.

निकालाच्या दिवशी आमच्या शाळेच्या एकतीस मुलांचे निकाल राखून ठेवले गेले. बोर्डाच्या पत्रात लिहिलं होतं की एकतीस उत्तरपत्रिकांत एक उत्तर शब्दशः सारखं आहे, सामूहिक कॉपीचा संशय आहे, सुनावणीला हजर राहावं. एकतीस मुलांची एक मावशी, आणि तीही जालन्याची. इतकी साधी गोष्ट लिहून देताना माझ्या डोक्यात आली नव्हती.

पुढचे दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक. पॉलिटेक्निकचे अर्ज सुरू झाले होते आणि शेवटची तारीख जवळ येत होती. मुलीचे अब्बू रोज शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहायचे. भांडायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, "पोरीनं कॉपी नाय केली मॅडम. आपको तो मालूम है." मी मान हलवायची आणि तोंड चुकवून आत पळायची. मुख्याध्यापकांनी मला शिकवून ठेवलं होतं, "गाईडातून पाठ केलं म्हणून सांगा. लिहून दिलं म्हणालात तर तुमच्या सेवापुस्तकात शेरा बसेल. शाळेचंही नाव जाईल." मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मी भ्याले होते.

सुनावणीला शाळेतर्फे मी गेले. बोर्डाच्या साहेबांच्या टेबलाच्या बाजूला भिंतीशी मला खुर्ची दिली होती. मुलं एकेक करून आत येत होती. साहेब कागद बाजूला सारून विचारत, "धड्याबद्दल तुझं मत काय?" आणि घाबरलेली पोरं घडाघडा तेच म्हणायची, मावशीसकट. चौथ्या मुलानंतर साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मग ती आली.

"तुझी मावशी कुठं असते?" साहेबांनी विचारलं.

"मला मावशी नाय सर. अम्मी एकटीच."

"मग लिहिलंस कसं?"

तिनं ओढणी सारखी केली. साहेबांचा आवाज जरा खाली आला. "बरं, धडा कसा वाटला ते सांग."

"नाय आवडला. ती सून पहाटेपासून राबती. सगळ्यांना वाढती, दोन पंगती उठतात. मंग सासू तिला बोलती, नवरा बोलतो, ती सगळ्यांना माफ करती. लेखकाला ते लई भारी वाटतंय. पण ती जेवली का नाय ते त्यानं लिहिलंच नाय. मी तीनदा शोधलं. घरातलं कुणी विचारत नाय, अन् लेखकपण विचारत नाय."

साहेबांनी तिची उत्तरपत्रिका पुढं ओढली. "हे पेपरात का नाही लिहिलंस?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं, आणि म्हणाली, "तवा सुचलं नाय सर."

साहेबांनी पेन उचललं. ते काय लिहिणार हे मला दिसत होतं. उत्तर सुचलं नाही म्हणून दुसऱ्याचं उतरवलं, म्हणजे कॉपी. तिनं मला वाचवलं होतं आणि त्यात तिचं पॉलिटेक्निक जात होतं. गाईडाचं नाव माझ्या ओठांवर तयार होतं. मी उठून उभी राहिले.

"तिला सुचलं होतं साहेब," मी म्हणाले. "सराव परीक्षेत तिनं हेच लिहिलं असणार. मी एक ओळ वाचली आणि शून्य दिलं. बोर्डात लिहायचं नाही अशी ताकीदही मीच दिली. सगळ्यांनी लिहिलं ते मी फळ्यावर दिलेलं. मावशी माझी आहे."

साहेबांनी माझा जबाब लिहून घेतला, खाली सही घेतली आणि फाईलवर मुलांचे निकाल सोडण्याचा शेरा मारला. निकाल वेळेत आले, मुलीचा सरकारी पॉलिटेक्निकला नंबर लागला. माझ्या सेवापुस्तकात शेरा बसला तो बसलाच. पण त्या दिवशी साहेबांनी फाईल मिटली आणि मला जायला सांगण्याआधी, अगदी सहज, एक प्रश्न विचारला.

"मॅडम, ती जेवते का हो त्या धड्यात?"

मुलगी अजून टेबलापाशीच उभी होती.

"वीस वर्षं शिकवतेय साहेब," मी म्हणाले. "मला माहीत नाही."