पहिलं वाक्य पुस्तकातलं

आमच्या गावात टायपिंग शिकलेला माणूस लगेच ओळखू यायचा. तो एक वाक्य शहाण्यासारखं बोलायचा आणि पाठोपाठ दुसरं वाकडं. दोष त्याचा नव्हता, टायपिंगच्या सरांचा होता.

सरांची इन्स्टिट्यूट धान्याच्या गोदामावरच्या खोलीत. लाकडी जिना, कठडा एकाच बाजूला, वर तेरा मशिनं. त्यातली अकरा धड चालायची, एकाचा 'र' ओळ सोडून वर उडी मारायचा आणि तेरावं सरांचं, त्याला कुणी हात लावायचा नाही. रिबनची शाई, मशीनचं तेल आणि खालून येणारी धान्याची धूळ, या तिन्हींचा मिळून एक वास त्या खोलीला होता. तो वास आजही कुठे आला की माझी पाठ आपोआप ताठ होते. कारण वाकून बसलं की सर मागून येऊन फूटपट्टी पाठीला टेकवायचे. मारायचे नाहीत, नुसती टेकवायचे. त्यापेक्षा मार परवडला असता.

माणूस अगदी अबोल. चार लोकांत बसले तर पाचवी खुर्ची वाटावी असे बसायचे. काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "यांना जेवायला वाढलं की मीठ कमी झालं की जास्त, तेसुद्धा मी ताटात उरलेल्यावरून ठरवते." पण याच माणसाला जगातल्या यच्चयावत गोष्टींवर मत होतं, आणि ते मशीनसमोर बसल्याशिवाय बाहेर पडत नसे.

परीक्षा मंडळाचं एक जाडजूड सरावपुस्तक होतं. खेळ, लोकशाही, चित्रपट, वेळेचं महत्त्व अशा विषयांवरचे उतारे. ते वाचून माणूस सज्जन व्हायच्या आत झोपी जायचा. सर त्यातलं पहिलं वाक्य जसंच्या तसं घ्यायचे आणि तिथून पुढे स्वतःचं लावायचे. "पहिलं वाक्य पुस्तकातलं असलं की पुस्तकाचा मान राहतो," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

म्हणजे पुस्तक म्हणायचं, 'लोकशाहीत मतदार हा राजा असतो.' सर पुढे लिहायचे, 'त्याला पाच वर्षांतून एक दिवस राज्य करायला मिळतं आणि त्याही दिवशी त्याला रांगेत उभं करतात. इतर राजांच्या बोटात अंगठी असते, याच्या बोटाला शाई.' पुस्तक म्हणायचं, 'चित्रपट हा समाजाचा आरसा आहे.' सर म्हणायचे, 'आमच्या समाजात एकट्याने बारा जणांना लोळवणारा अजून कुणी दिसला नाही. इथे बारा जण मिळून पाण्याची एक टाकी गच्चीवर चढवतात, तेव्हा तेरावा फक्त "सावकाश, सावकाश" म्हणतो आणि नंतर टाकी आपणच चढवली असं सांगतो.' आणि वेळ ही अमूल्य संपत्ती असल्याबद्दल सरांचं म्हणणं असं की, 'ज्याच्याकडे ती भरपूर असते तो ती खर्च करायला नेमका आपल्याच घरी येतो.'

असे एक्केचाळीस उतारे होते. एकेक उतारा शंभर वेळा मारायचा, हा नियम. "डोकं जिन्याखाली ठेवून या, वर फक्त बोटं आणा," असं सर सांगायचे. शंभराव्या वेळेला कागदाकडे बघायचीही गरज उरायची नाही. पहिलं वाक्य दिसलं की बोटं घराकडे निघालेल्या बैलासारखी आपसूक वाट धरायची. गावातल्या निम्म्याअधिक कारकुनांच्या बोटांत अशी सरांची मतं मुरलेली होती. ती कुठे छापून आली नव्हती. सरांनी एकदा वर्तमानपत्राला पाठवली होती, ती 'साभार परत' आली. त्यावर सरांनी बेचाळिसावा उतारा लिहायला घेतला आणि का कोण जाणे, सोडून दिला.

माझी ताई या खोलीत आली ती हौसेने नाही. तिला पाटबंधारे कार्यालयात कारकुनाची नोकरी लागली होती, पण अटीवर. दोन वर्षांत टायपिंगची परीक्षा पास व्हा, नाहीतर नोकरी संपली. पहिल्या वेळी ती तापाने फणफणली होती. दुसऱ्या वेळी मशीनचा पट्टा ऐन मध्यावर तुटला. आता तिसरी आणि शेवटची वेळ होती. निकाल लागला की महिन्याभरात तिची दोन वर्षं भरणार होती. वडील गेल्यापासून घर तिच्या नोकरीवर उभं होतं, म्हणून आई तिला त्या दिवसांत भांडीसुद्धा घासू देत नसे. "बोटं सांभाळ गं," म्हणायची आणि भांडी माझ्यापुढे ठेवायची.

"माझीही परीक्षा आहे," मी म्हणायचो.

"तुझे मिनिटाला अठ्ठावीस शब्द, त्यात बारा चुका," ताई म्हणायची. "तू भांडीच घास. त्यात तरी हात बसेल."

परीक्षेला आम्ही अकरा जण मशिनं मांडीवर घेऊन बसने गेलो. दोन तास. एका शाळेचा मोठा हॉल, बाक लहान मुलांचे, गुडघे कुठे ठेवायचे हाच पहिला प्रश्न. घंटा झाली, कागद उलटले. उतारा खेळांवरचा होता. 'खेळामुळे माणसाच्या अंगी खिलाडूवृत्ती येते.' मंडळाने तो या वेळी पहिल्यांदाच आपल्या सरावपुस्तकातून उचलला होता.

हे वाक्य मी मारलं आणि मनात म्हटलं, चला, ओळखीचं निघालं. बोटं सुटली. 'जिंकणाऱ्याच्या अंगी ती लवकर येते. हरणाऱ्याला आधी पंच आंधळा दिसतो, मग मैदान वाकडं दिसतं आणि शेवटी आपलाच बारावा खेळाडू पनवती वाटतो.' तिथे माझी नजर चुकून छापील कागदावर गेली. तिथे बारावा खेळाडू नव्हता. तिथे 'संघभावना व शिस्त' होती. मशीनवर मारलेलं अक्षर परत घेता येत नाही. मी शेजारच्या ओळीकडे पाहिलं. ताई मान ताठ ठेवून, खांदे न हलवता, सरांनी शिकवलं तशी सुरेख मारत होती. तिच्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला स्पीड तिने त्या दिवशी गाठला आणि शेवटचा पूर्णविराम दिल्यावरच तिने मान वर केली.

बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "उतारा आपलाच होता ना?"

मी तिच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. तिने हातातल्या प्रश्नपत्रिकेवर पहिल्यांदा नजर फिरवली आणि तिथेच पायरीवर बसली.

अकरापैकी नऊ जणांनी सरांचा उतारा मारला होता. वाचलेले दोघे वर्गातले सगळ्यांत कच्चे. त्यांच्या बोटांना अजून काहीच पाठ नव्हतं, म्हणून ते बिचारे एकेक अक्षर बघून मारत राहिले आणि पास झाले.

आमच्या निकालाच्या जागी पत्र आलं. नऊ उमेदवारांनी संगनमताने प्रश्नपत्रिकेबाहेरचा एकच मजकूर टंकित केला आहे, सबब निकाल राखून ठेवला असून तीन परीक्षांना बंदी का घालू नये, याचा खुलासा करावा. कॉपी झाली यावर मंडळ ठाम होतं. कशावरून झाली, हे मात्र त्यांना सापडत नव्हतं.

सायकलच्या दुकानवाल्याचा थोरला आमच्यातच होता. डोक्याने चलाख. तो म्हणाला, "सर, सांगून टाका, जुन्या एका पुस्तकात असा उतारा होता. पुस्तक हरवलं. कोण शोधणार आहे?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "मग तो उतारा कुणाचा म्हणायचा?"

"कुणाचा का असेना."

"माझा आहे तो," सर म्हणाले.

ताईने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की मी खिडकीबाहेर पाहू लागलो. सर वरमले. मग म्हणाले, "तसं नाही. खोटं पकडलं गेलं तर तुम्ही गेलात. खरं सांगितलं तर फार तर मी जाईन." यात प्रामाणिकपणा किती आणि लेखकाचा ताठा किती, याचा हिशेब मी अजून लावलेला नाही.

मंडळाच्या कार्यालयात सर, ताई आणि मी गेलो. सचिव एक बाई होत्या. पिकले केस, समोर आमचे नऊ कागद एकावर एक रचलेले, टेबलावर पेपरवेटसुद्धा सरळ रेषेत.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," सर म्हणाले.

"सगळं?"

"पहिलं वाक्य तुमचं आहे."

बाईंनी वरचा कागद उचलला. "पंचांबद्दल बरंच लिहिलंय. स्वतः कधी पंच झाला होतात?"

"एकदा. नंतर बोलावलं नाही."

बाईंनी कागद खाली ठेवला. मग त्यांनी कोपऱ्यातल्या मशीनकडे बोट केलं आणि ताईला बसायला सांगितलं. सरावपुस्तक मिटून त्यावर हात ठेवला. "मी एक वाक्य सांगते, पुढचं तुम्हाला येतं का बघू. 'लोकशाहीत मतदार हा राजा असतो.' चला."

ताईने मशीनला कागद लावला. पहिलं वाक्य तिने अडखळत मारलं आणि मग तिच्या बोटांनी तिला विचारणं सोडून दिलं. रांग, शाई, अंगठी, सगळं खडखडत कागदावर आलं. बाईंनी कागद ओढून घेतला, वाचला, पालथा ठेवला आणि बराच वेळ पंख्याकडे बघत राहिल्या. हसू दाबायचं असलं की माणसं छताकडे बघतात, हे मला तेव्हा कळलं.

"ही कॉपी नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "पण याला मी पासही करू शकत नाही. पुढच्या आठवड्यानंतरच्या गुरुवारी नऊ जणांची फेरपरीक्षा घेते. सर, तुमच्या इन्स्टिट्यूटची मान्यता राहील. मात्र यापुढे शिकवायचं ते फक्त पुस्तकातलं, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत. तसं लिहून द्या. आणि ती उताऱ्यांची फाइल इथे जमा करा."

सरांनी काखेतली फाइल पुढे केली. "वाचायला?"

"नोंदीला," बाई म्हणाल्या.

लेखी हमी सरांनी तिथल्याच मशीनवर मारली. चार ओळी, एकही चूक नाही.

गुरुवारला बारा दिवस होते. नवं शिकवायला सरांना कधी त्रास पडला नव्हता, पण शिकवलेलं काढून कसं घ्यायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ताईने पहिलं वाक्य मारलं की बोटं सरांच्या वाटेला लागायची. सर फूटपट्टी तिच्या मनगटांवर आडवी टेकवायचे. पुन्हा पहिलं वाक्य, पुन्हा फूटपट्टी. तिसऱ्या दिवशी ताई रडली. म्हणाली, "सर, तुमचंच बरोबर वाटतं हो. पुस्तकातलं खोटं वाटतं."

हे ऐकून कुठलाही लेखक सुखावला असता. सर म्हणाले, "बरोबर-चूक गुरुवारनंतर. आता शेवटच्या वाक्यापासून उलटं मार. पहिलं वाक्य मी तुला देणारच नाही."

मग त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शेवटचं वाक्य, मग त्याच्या आधीचं, मग त्याच्या आधीचं. शिस्त, संघभावना, वेळेचे नियोजन, सुजाण नागरिकाची कर्तव्ये. रोज चार तास. एवढा सरांचा आवाज आम्ही उभ्या जन्मात ऐकला नव्हता. ज्या वाक्यांची त्यांनी वीस वर्षं टिंगल केली, ती ते इतकी सावकाश, इतकी स्वच्छ वाचत होते की ऐकताना मलाच अवघडल्यासारखं झालं. नवव्या दिवशी ताईने एक उतारा वरून खालपर्यंत पुस्तकासारखा मारला. सरांनी कागद उजेडात धरला, मान हलवली आणि घसा बसला म्हणून काकूंकडे गरम पाणी मागितलं. काकू मला म्हणाल्या, "बघ, तोंडाने मागितलं."

ताई पास झाली. दोन चुका. माझ्या बारा, पण आईच्या लेखी घरात एकच परीक्षा झाली होती. प्रमाणपत्र कार्यालयात द्यायला चारच दिवस उरले होते, म्हणून ती तशीच जिना चढून वर आली आणि सरांना म्हणाली, सोबतचं पत्र तुमच्याच हातचं हवं.

सर तेराव्या मशीनवर बसले. 'महोदय, सोबत टंकलेखन परीक्षेचे प्रमाणपत्र जोडले आहे. कृपया सेवा नियमित करावी.' एवढं मारून त्यांनी कागद काढला.

ताई तिथेच घोटाळली. "सर, एखादा नवा लिहा ना. वर्गासाठी नको, आमच्यापुरता."

"लिहून दिलंय मी."

"ते शिकवण्याबद्दल दिलंय."

"मला वर्गाशिवाय दुसरीकडे कुठे लिहिता येत नाही," सर म्हणाले, आणि खिडकीजवळ पाठ वाकवून बसलेल्या एका मुलीमागे जाऊन उभे राहिले.

नोकरी राहिली. ताई आता त्याच कार्यालयात मोठ्या टेबलावर बसते आणि मला अजून स्पीडवरून बोलते. सरांनी पुढे नऊ वर्षं, मशिनं भंगारात जाईपर्यंत, शब्द पाळला. कॉलेजला जाताना मी गोदामाखालून जायचो. पूर्वी वरून येणाऱ्या खडखडाटात मध्येच एक खाच पडायची. कुणीतरी थांबून हसायचं, शेजारचा बघायचा, तोही हसायचा आणि मग दोघांची मशिनं घाईघाईने मागचं भरून काढायची. आता आवाज सलग यायचा, उताऱ्याची दहाच्या दहा मिनिटं, एकसारखा. निकालही चांगले लागायचे म्हणे.