एलईडी आणि हळद
उजेडाकडे जाणं म्हणजेच प्रगती, असं म्हणतात; मला मात्र हळदीचा वास आला की प्रगतीचा कंटाळा येतो. काकांनी जुन्या ट्रकच्या हेडलाइटला एलईडी बल्ब बसवले, नारळ फोडला आणि पिवळे बल्ब भंगारात दिले. दुसऱ्या पहाटे सावद्याहून केळी भरून निघालो. नऊच्या आत धुळ्याला पोचलो नाही, तर व्यापारी माल घेणार नव्हता. एरंडोलजवळ दाट धुकं लागलं. पांढरा उजेड धुक्यावरच आपटून डोळ्यांत येऊ लागला. "नाना, आते काहीच दिखस नही," ड्रायव्हर वैतागून काकांना म्हणाला. काकांनी पूजेची उरलेली हळद पाण्यात कालवून हेडलाइटच्या काचांवर फासली, उजेड पुन्हा पिवळा केला आणि आम्ही रखडत, रांगत दहाला पोचलो. माल खपला. काका आजही त्याचं श्रेय हळदीला देतात. व्यापारी स्वतःच धुक्यात अडकून अकराला आला होता.