जर्मन गढीतला जागीरदार

काय विचारून राह्यले राव तुम्ही! निजामाच्या राज्यातली गोष्ट, पण अजून कुणी जर्मनीचं नाव काढलं की माझे कान लाल होतात.

मी जालन्यात मास्तर होतो. बदनापूरच्या रंगनाथरावांची पोरगी मला सांगून आल्ती. त्यांनी जालन्यात कापसाचं नवं जिन टाकलेलं, अन् त्याचं इंजन बसवायला जर्मनीहून हेर्मान नावाचा साहेब आल्ता. साहेबाला मराठी येत न्हाई, रंगनाथरावांना इंग्रजी. मंग दुभाषा कोण? मी!

"मास्तर, इंजन चालू झालं की लग्नाची तिथी धरू," रंगनाथराव म्हणले. मी हवेत!

चहा पिता पिता मी साहेबाला त्याच्या गावाचं विचारलं. गाव आपल्या मंठ्याएवढं, पण इतिहास ऐका! टेकडीवर गढी, गढीत उमराव. एकानं बादशहाशी लढून वेस बांधली. त्याच्या पोराची बग्गी आत जाईना, म्हणून त्यानं तीच वेस पाडली. नातवानं बायकोच्या हट्टापायी पुन्हा बांधली!

"तुम्हाला हे सगळं कसं ठाऊक?"

"मी त्या गढीतच वाढलो की!"

झालं! मी धोतर सावरत रंगनाथरावांकडं पळालो. "काका, हा मिस्त्री न्हाई, जागीरदार हाये! गढीतला!"

रंगनाथरावांना घाम फुटला. आपल्या राज्यात जागीरदारानं कधी हातात पाना धरलाय का? बेअदबी झाली म्हणजे?

मंग काय विचारता! शेरवान्या चढवल्या, रुमालावर नजराणा धरला, जमिनीपर्यंत वाकून सलाम केले. साहेबानं पाना उचलला की मी तो हिसकावून घ्यायचो. एकदा तो इंजनाखाली शिरला, तर चौघांनी ओढून गादीवर बसवला अन् वारा घातला. साहेब बोंबलायचा.

"काय म्हणून राह्यले?" रंगनाथराव विचारायचे.

"हुजूर बिलकुल खूश हायेत!" मी ठोकून द्यायचो. मोठी माणसं मान घेताना वरवर असंच नको नको म्हणतात, असं मला खरंच वाटायचं हो!

बाहेर कापसाच्या गाड्यांची ही रांग. गाडीवाले कावले. "इंजन चालू करता का दुसऱ्या जिनाला जाऊ?"

शेवटी साहेबानं टोपी आपटली अन् माझी गचांडी धरली. "मला काम करू द्या! गढीत माझा बाप घोडे धुवायचा!"

"आता काय म्हणले? बराबर सांगा," रंगनाथरावांनी दरडावलं.

सांगितलं. काय करता!

रंगनाथरावांनी माझ्याकडं असं पाह्यलं की बस! मंग स्वतःच्या हातानं साहेबाला पाना दिला. दिवस मावळायच्या आत इंजन धडधडलं, गाड्या आत आल्या.

मी भीत भीत विचारलं, "काका, मंग तिथीचं?"

साहेबाच्या तेलकट हाताकडं कौतुकानं बघत रंगनाथराव म्हणले, "आता शब्द दिलाय, तर पोरगी तुम्हालाच द्यावी लागंल. पण मास्तर, हा जर आपल्या जातीतला निघाला असता ना, तर तुमच्याकडं ढुंकूनबी पाह्यलं नसतं!"

अन् मी असा बेशरम, तिथंच त्यांच्या पाया पडलो!